सरकारी दुखवट्याचा पटका

मी पटका बोलतोय. लग्नातला नव्हे, दुखवट्याचा. पांढरा, बिनकाठाचा, पेठ वडगावच्या बाजारातला.

लोक लग्नाचे पटके दहादा उलगडून बघतात. माझ्याकडे कुणी नीट पाहतसुद्धा नाही. महायुद्धाच्या तिसऱ्या वर्षी कचेरीच्या शिपायानं मला उचललं, तेही घासाघीस न करता. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

गावचा गुंडू सुतार ठेकेदाराबरोबर समुद्रापार, इराकात बसऱ्याकडं होड्या दुरुस्त करायला गेला होता. फौजेत नव्हता. तिथं भर बाजारात विमानातून बाँब पडला आणि तो गेला. कचेरीचे अंमलदार मला घेऊन निघाले ते त्याच्या वडिलांच्या, आण्णांच्या, डोक्याला बांधायला.

रीत अशी, की तरणा मुलगा गेला की बाप उघड्या डोक्यानं राहतो. दुखवटा आणणारा उंबऱ्यात उभा राहून आपलं नाव, नातं मोठ्यानं सांगतो आणि मग पटका बांधतो. पटका बांधला की रडणं मिटलं, तक्रारही मिटली.

आण्णांच्या उंबऱ्यात अंमलदारांनी नाव न सांगताच माझी घडी मोडायला घेतली, तोच गुंडूची बायको चिमणाबाई पुढं आली. काखेत तान्ही पोर. बाई चार इयत्ता शिकलेली, पण धीर काही शाळेत शिकवत नाहीत. पोर झोपली की श्वास चाललाय ना म्हणून नाकाशी बोट धरणारी ती.

"नाव घ्या की, पावणं. दुखवटा कुणाचा?"

"सरकारचा, बाई."

"आन् बाँब कुणाचा?"

अंमलदारांनी मला उगाच झटकलं. "शत्रूचाच असणार."

ओट्यावर गुंडूचा सोबती बाळासो बसला होता. त्याच बाँबनं लंगडा होऊन परतलेला. "इमान आपल्या सरकारचंच हुतं. गुंड्यानं हात केलता त्येला. दुश्मनाला कोन हात करतंय व्हय?"

"चूक झाली असेल," अंमलदार पुटपुटले.

"मग तेवढंच मोठ्यानं म्हना," चिमणाबाई म्हणाली, "आन् बांधा पटका."

"तसं म्हणायचा हुकूम नाही."

मला ओट्यावर ठेवून ते गेले. दुखवटा माघारी नेत नाहीत, ही रीत मात्र त्यांना पाठ होती.

चिमणाबाई सासऱ्याकडं, आण्णांकडं वळली. "मामंजी, म्या लई शानपना केला काय? तुमचं डोस्कं उघडं ऱ्हायलं."

"ऱ्हाऊ दे. टक्कल हाय, कोन चोरतंय?"

तेव्हापासून आण्णा उघड्या डोक्यानंच बाजाराला जातात, आणि जातात ते कचेरीवरून. कुणी विचारतं, "आण्णा, अजून बोडकंच?"

"सरकारचं बोलनं व्हायचंय अजून!" ते ओरडून सांगतात. अंमलदार खिडकी लावून घेतात.

मी खुंटीवर आहे. एका थंडीत पोरीला गुंडाळायला चिमणाबाईनं मला काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि परत टांगलं. स्वतःची फाटकी चोळी उसवून पोरीला टोपडं शिवलं. शिवताना म्हणाली, "खुळीच हाय मी."

मला कसर लागली तरी चालेल. पण आण्णा आता काठी टेकतात. ज्यानं बोलायचं, त्यानं लवकर यावं.