एकटीची घरपट्टी

उल्बोसिन आपाचं पेन्शनचं कार्ड बंद पडलं ते दुकानात, साऱ्या गावासमोर. पिठाचं पोतं गल्ल्याशेजारी उभं, मागे रांग, आणि दुकानदारीण ते कार्ड यंत्रावर पुन्हा पुन्हा टेकवतेय. शेवटी ती म्हणाली, "आजी, तुमच्या खात्यावर टाच आलीय बहुतेक." टाच म्हणजे काय ते आपाला कळलं नाही, पण मागच्यांना बरोबर कळलं. मी त्याच रांगेत होते. पीठ माझ्या नावावर लिहायला लावलं आणि तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

मी बाल्झान. आपाची शेजारीण; आमच्याकडे थोर वयाच्या बाईला आपा म्हणतात. माझं आयुष्य इथल्या स्टेशनच्या भोजनालयात शिजवण्यात गेलं आणि माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत. ती तिखट जीभ या सगळ्या प्रकरणात काडीच्या कामाची ठरली नाही, म्हणून तर हे सांगायला बसले आहे.

टाच आली होती थकलेल्या घरपट्टीपायी. आमच्याकडे म्हाताऱ्यांना घरपट्टी माफ आहे. मला आहे, पलीकडच्या लंगड्या तुर्लानला आहे. अट एवढीच, की त्या पत्त्यावर फक्त पेन्शनवाले नोंदलेले हवेत. कमावत्या वयाचं एक जरी माणूस नोंदलेलं असलं, की ते घर कमावतं धरतात. आणि आपाच्या पत्त्यावर येरसाइन होता.

येरसाइन आपाच्या थोरल्याचा पहिला मुलगा. पहिलं नातवंड आजीआजोबांचं, ही आमची रीत. बाळ अंगावरचं सुटलं की म्हाताऱ्यांच्या कुशीत जातं आणि मग ते त्यांचंच लेकरू. बाकीचे लोक हे तोंडी ठेवतात. पण आपाचा नवरा सेइतकाली रेल्वेतला माणूस, त्याला सगळं पक्कं लागायचं. तो कचेरीत गेला आणि नातवाला रीतसर मुलगा म्हणून लावून आला. मेंढा कापला, गाव जेवलं, रांधायला मीच होते. येरसाइन आपाला आई म्हणू लागला आणि स्वतःच्या आईला वहिनी. ऐकणाऱ्याला कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

पुढे थोरला तेलाच्या विहिरीवर कामाला गेला आणि तिथेच संपला. त्याच्या बायकोनं दुसरं लग्न केलं, दूर गेली, चांगलं केलं. मग सेइतकालीही गेला. उरला येरसाइन, रीतीनं आपाचाच मुलगा, म्हणून घरातला धाकटा. आमच्यात म्हाताऱ्यांचं घर धाकट्याचं असतं. थोरले वेगळे होतात, धाकटा चुलीपाशी राहतो. हा कोरियात गेला. फिरायला म्हणून गेला आणि कामाला राहिला. सुरुवातीला पैसे यायचे, आपाच्या छपरावरचे पत्रे त्याच पैशांचे. मग कारखान्यात हात सापडला, पक्कं काम सुटलं, पैसे थांबले. फोन आला की "मी मजेत आहे" म्हणायचा, आणि मजेत असलेला माणूस इतक्या लवकर फोन ठेवत नाही.

कचेरीत मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. खिडकीमागे आयसाउले नावाची मुलगी होती. तिनं आपाला खुर्ची दिली, पाणी दिलं. आता अशा माणसाशी भांडायचं कसं?

"आजी, तुमचा मुलगा या पत्त्यावर राहतो," ती म्हणाली. "म्हणून माफी लागू होत नाही."

"राहतो कुठे? तो कोरियात आहे," मी म्हणाले.

"कागदावर राहतो, काकू."

"मग कागदाकडूनच वसूल करा की. आमची पेन्शन कशाला अडवता?"

ती चिडली नाही. "काकू, मी काय करू? माझ्या आईलाही माफी नाही. का, तर मी तिच्या पत्त्यावर आहे."

"बरं, गरीब घर म्हणून काही सवलत?"

"तिथे मुलाची कमाई धरतात. परदेशात आहे म्हणजे कमावतच असणार."

"एका हातानं?"

"ते विचारायला रकानाच नाही."

मला राहवलं नाही. म्हणाले, "अगं, तो मुलगा नाहीच मुळी, नातू आहे." आपानं खालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

आयसाउले सावरून बसली. "तसं असेल तर कोर्टात सिद्ध करता येईल, की तो तुमचा मुलगा नाही. वेळ लागेल. त्यापेक्षा सोपं म्हणजे त्याचं नाव घरातून काढा. तुमच्या फोनवरून अर्ज जाईल, त्याच्या फोनवर विचारणा जाईल, त्यानं मान्य म्हटलं की झालं. थकलेलंही माफ होईल. एका बटणाचं काम आहे, आजी."

आपा उठली. "पोरी, तो मुलगा आहे माझा," एवढंच म्हणाली आणि दाराकडे चालू लागली.

मग थंडी आली. आमच्या इथला वारा कुठून घुसेल सांगता येत नाही. आपानं मोठी खोली बंद केली आणि चुलीच्या खोलीत राहू लागली. कोळसा संपला तशी झुडपांच्या काटक्या जाळू लागली. मी बादलीभर कोळसा नेऊन द्यायची. आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. पहिल्यांदा बादलीतून वाळवलेल्या दह्याचे गोळे आले. मग मूठभर साखर आली. मग एकदा बादली आली तिच्यात एक कांदा होता. त्यानंतर आपानं कोळसा घ्यायचंच बंद केलं. "आहे माझ्याकडे," म्हणायची. काय आहे ते मला धुराड्यावरून दिसत होतं.

"आपा, नाव काढलं म्हणून मुलगा जातो का?" मी विचारलं.

"मग राहू दिलं तर तुझं काय जातं?"

"माझं नाही, तुझं जातंय. कोळसा जातोय. पेन्शन जातेय."

"घराचा धाकटा घरात नोंदलेला नाही, असं कुठे ऐकलंस तू? उद्या तो परत आला आणि दारात उभा राहून म्हणाला, आई, मी कुठे उतरू? तर काय सांगू?"

"सांग, आत ये, चहा घे. कागद पाहून दार उघडतेस का तू?"

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली. मला राग आला. दोन मुली लग्न होऊन गेलेली बाई मी, मला का नाही कळायचं?

एके दिवशी दुपारी गेले तर ती कोट घालून, बूट घालून अंथरुणात पडलेली. खोकला असा की बोलता येईना. मी आधी चूल पेटवली आणि मग तिला वाटेल ते बोलले. सेइतकालीलाही बोलले, मेलेल्या माणसाला, त्याच्या पक्क्या कागदांसकट. ती ऐकत राहिली. बरी झाल्यावर एका सकाळी पांढरा रुमाल डोक्याला बांधून माझ्या दारात आली.

"चल त्या पोरीकडे. पण आधी त्याला फोन लाव. मी सांगते काय आहे ते."

लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बंद.

"असू दे," आपा म्हणाली. "विचारणा गेली की चिडेल. चिडला की फोन करील. ओरडेल माझ्यावर. ओरडू दे." आणि माझ्याकडे बघून थोडं हसलीसुद्धा. तेव्हा मला कळलं की ही नाव काढायला निघालेलीच नाही. ही त्याचा आवाज ऐकायला निघाली आहे.

आयसाउलेनं सगळं भरलं. आपाच्या फोनवर आकडा आला, तो मी वाचून सांगितला. "गेलं," ती म्हणाली. "आता त्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं. लोकांची मुलं महिना लावतात, आजी. तुम्ही घरी जा, मी कळवते."

आपानं कोट घ्यायला हात पुढे केला. एक बाही चढवली असेल नसेल, तोच आयसाउले म्हणाली, "अरे, आलंच की. मान्य केलंय त्यानं. नशीबवान आहात."

आपा तशीच खाली बसली, एक बाही अंगात आणि एक लोंबती.

"नीट वाचलं असेल ना त्यानं?" तिनं विचारलं.

"वाचल्याशिवाय बटण दाबताच येत नाही, आजी."

"काही लिहिलंय का?"

"लिहायला जागा नसते तिथे."

आपानं मान हलवली. मग म्हणाली, "कामावर असेल. घाईत असेल." आयसाउलेनं माझ्याकडे पाहिलं आणि मी भिंतीकडे. भांडायला समोर कुणीच नव्हतं. नियम चांगल्यासाठीच केलेला, पोरगी भली, पोरगाही भलाच. मला नुसतं रडू येत होतं आणि ते मी तिथे येऊ दिलं नाही.

घरपट्टी माफ झाली. कार्ड सुरू झालं. कोळशाची गाडी आपाच्या दारात रिकामी झाली आणि धुराड्यातून जाड धूर निघू लागला. आपानं मोठी खोली उघडली नाही, पण पीठ मळलं, मला चहाला बोलावलं. मी कढईत बाउरसाक, म्हणजे पिठाचे फुगरे गोळे, तळत होते आणि फोन वाजला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्यानं बोलेल असा करून तिच्यासमोर ठेवला.

"आजी, बरी आहेस ना?"

आपानं फोनकडे पाहिलं. "कोण बोलतंय?"

"मी. येरसाइन."

तो बोलत राहिला. "पेन्शन सुरू झाली ना, आजी? त्या विचारणेत थकलेल्या घरपट्टीचं, अडलेल्या पेन्शनचं सगळं होतं, मला आधीच सांगायचंस की. माझ्यापायी थंडीत राहिलीस. ते आलं तसं लगेच दाबलं मी. तू अडून राहायला नको होतीस, आजी."

मी झारा टाकला आणि फोन उचलला. "गाढवा, आजी काय म्हणतोस? आई म्हण."

"बाल्झान काकू का?" त्याचा आवाज हळू झाला. "कुणी तपासलं तर? मी मुलगा आहे असं निघालं तर पुन्हा लावतील तिला घरपट्टी. इथे आमच्यात एकाचं झालंय तसं. म्हणून सवय करतोय."

"अरे, फक्त पत्ता काढलाय. तू आहेस तोच आहेस. मुलगा म्हणून कुणी काढलेलं नाही तुला."

"त्यात लिहिलं होतं काकू, या घराचे आपण कुणी राहणार नाही, मान्य आहे का? मी मान्य म्हटलं." त्याच्यामागे कसलंसं यंत्र चालू होतं. "एकच की ते. तिला थंडीत ठेवू नका," तो म्हणाला आणि ठेवला.

मी परत लावला. बंद. कढईतले बाउरसाक काळे पडले होते. मी आपाला सगळं समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं. ती कपबशी पुसत बसली. ऐकत होती की नाही, मला कळलं नाही.

पुढचा फोन आला तेव्हाही मी तिथेच होते. पडद्यावर परदेशचा लांबलचक आकडा दिसला. मी सांगायला तोंड उघडलं, की आता तूच त्याला ठणकावून सांग. आपानं हातानंच मला गप्प केलं, फोन तोंडाजवळ धरला आणि तो काही बोलायच्या आत म्हणाली, "बोल बाळा. आजी बोलतेय."