अथेन्समध्ये देव कुठे ठेवायचे

पितळी बाळकृष्ण स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर चारशे वीस ग्रॅम भरला. कापसात गुंडाळून छायाने तो कॅरी-ऑनमध्ये ठेवला. देव काही चेक-इनमध्ये टाकायचे नसतात. आणि कॅनडातलं ओकव्हिलचं घर विकून कायमचं पुण्याला जायचं, तर देव मागे ठेवणंही शक्य नव्हतं. तिचे यजमान सुधाकर वर्षभर सगळ्यांना पुण्याला जायचंय म्हणून सांगत होते. ती हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती.

"अथेन्सला विमान बदलताना मोठा लेओव्हर आहे," आयपॅडवरून मान वर न करता ते म्हणाले. "बॅग लॉकरमध्ये टाकू, मेट्रोने जाऊन टेकडीवरचं अ‍ॅक्रोपोलिस बघून येऊ."

"अहो, देव लॉकरमध्ये?"

"मग पाठीवर घेऊन चढू. त्यांनाही जरा दुसऱ्यांची देवळं दिसतील!"

"तुमच्या गुडघ्यांनी?"

"मग तूच सांग."

छाया गोंधळली. लॉकर नको, टेकडी नको, चेक-इन तर नकोच. अडचण अथेन्सची की पुण्याची, तेच तिला कळेना. नकळत तिने कापूस सोडवला आणि बाळकृष्ण पुन्हा देवघरात ठेवला. तिथे तो नीट बसला.

"हे काय?"

"अथेन्स बघू, पुण्यालाही जाऊन येऊ," ती म्हणाली. "पण घर विकायचं नाही. मी इथेच राहणार आहे."