फुगवट्यांचा केक

केक फुगला की त्याचा माथा कापावाच लागतो. बघणाऱ्याला हळहळ वाटते. इतका छान वर आलेला, सोनेरी झालेला केक, आणि ही बाई सुरी घेऊन त्याच्या डोक्यावरच घाव घालते आहे. पण थरांचा केक करायचा तर दुसरा इलाज नाही. खालचा थर सपाट नसला तर वरचा घसरतो, मधलं क्रीम बाजूने ओघळतं आणि सगळ्या कष्टांची माती होते. म्हणून तारा दोन्ही फुगवटे कापून एका ताटलीत ठेवायची आणि संध्याकाळी मिलिंद, तिचा नवरा, ते चहाबरोबर फस्त करायचा. मूळ केकपेक्षा त्याचा जीव फुगवट्यांतच जास्त.

आजचा केक प्रार्थनाचा होता. प्रार्थना ही खालच्या मजल्यावरची, घरमालकांची नात, आज एक वर्षाची होणारी. कुवेंपुनगरातल्या या घराचा वरचा मजला तारा आणि मिलिंदने भाड्याने घेतला तेव्हा दोघं नाशिकहून नुकतीच आली होती. खाली कुसुमावतीकाकू, त्यांचा मुलगा किरणकुमार आणि सून रम्या. ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरची. पूर्वी कापडं रंगवायचा धंदा होता, आता किरणकुमारचं मोबाइलचं दुकान आहे. घरात मराठी बोलतात, पण त्यात कानडी इतकं कालवलेलं की तारा सुरुवातीला नुसतीच मान डोलवायची.

मग तारा आणि रम्या, दोघींना एकदमच दिवस राहिले. एकाच डॉक्टरीणबाईंकडे दोघी एकाच रिक्षातून जायच्या. तारीखही एकाच आठवड्यातली मिळाली, तेव्हा तर दोघींना हसूच आवरेना. ताराने नावही ठरवून टाकलं, मुलगी झाली तर आभा. काकू म्हणाल्या होत्या की बाळ यायच्या आधी नाव ठेवत नसतात. ताराने ते हसण्यावारी नेलं.

आभा आधी आली आणि दुसऱ्याच दिवशी गेली. तारा रिकाम्या हाताने घरी परतली आणि त्याच आठवड्यात रम्या प्रार्थनाला घेऊन आली. जिन्याखाली पाळण्याच्या दोऱ्या बांधल्या जात होत्या आणि वर ही बाई उशीत तोंड खुपसून पडली होती. दैवाला एवढंही तारतम्य नसतं.

त्यानंतर मिलिंदने आभाचं नाव एकदाही घेतलं नाही. तो वाईट माणूस नाही. सकाळी हेब्बाळला जाणारी कंपनीची बस पकडायची, संध्याकाळी परत यायचं, टीव्ही लावायचा. तारा रडली तर पाणी आणून द्यायचा, पाठीवरून हात फिरवायचा. पण नाव नाही. याच आठवड्यात आभाचा दिवस येऊन गेला. मिलिंदला तो आठवला की नाही, हे विचारायचं धाडस ताराला झालं नाही.

तिला जगवलं ते प्रार्थनाने. आडपडदा न ठेवता हे असंच सांगायला हवं. रम्याची रजा संपली, ती ऑफिसला जायला लागली आणि काकूंचे गुडघे म्हणजे बोलायची सोय नाही. मग दुपारची पोर वर येऊ लागली. तारा तिला भरवायची, झोपवायची, तिच्या लाळेने खांद्यावर भिजलेली साडी संध्याकाळपर्यंत बदलायची नाही. रांगायला लागल्यावर तर पोर स्वतःच जिना चढून यायची, मागून कठड्याला धरून काकू. वर पोचली की दारावर थाप मारायची आणि 'ता' म्हणायची. त्या एका 'ता'साठी तारा सकाळी उठायची, अंघोळ करायची, केस विंचरायची. ते नसतं तर तिने काय केलं असतं, याचा विचार ती करतच नसे.

केक तूच कर, असं रम्याने हक्काने सांगितलं होतं. बाहेरचा नको, अंडं नको, दह्याचा कर आणि मध्ये ते द्राक्षांचं क्रीम घाल. तारा हरखून गेली होती. पण मग काकू वर आल्या. गुडघे धरत धरत, एकट्या आल्या, तेव्हाच काहीतरी आहे हे ताराने ओळखलं.

"आरतीला माझ्या माहेरची माणसं येतात," काकू म्हणाल्या. "माझा भाऊ नागोजीराव, त्याची बायको. जुनी माणसं ती, सुम्मने, उगाच काहीतरी बोलतील. तू आरती झाल्यावर ये, तारा. केक कापून झाला की मीच हाक मारते. मनाला लावून घेऊ नको."

बरं काकू, असं तारा म्हणाली आणि तिने चहा टाकला. दुसरं काय म्हणणार? मूल गेलेल्या बाईने दुसऱ्याच्या मुलाच्या आरतीत उभं राहायचं नाही. तिने केलेला केक चालतो, तिची दुपार चालते, तिचा खांदा चालतो. तोंड तेवढं चालत नाही. ही कसली रीत, आणि कुणी घालून दिली, देव जाणे. ताराला राग आला होता आणि तो तिने चहाबरोबर गिळला, कारण राग दाखवला आणि दुपारची पोर वर यायची बंद झाली तर?

सकाळीच तिने बाजारातून काळी द्राक्षं आणली होती, बियांची, सालीला आंबट असणारी. ती शिजवली, गाळली, रस आटवून गार केला आणि लोण्यात पिठीसाखरेबरोबर फेटला. क्रीमला असा गडद जांभळा रंग आला की रंगाऱ्यांच्या घराण्यालाही शोभावा. मैदा, दही, साखर, तेल, सोडा, सगळं नेहमीचंच. दोन्ही थर ओव्हनमधून निघाले ते टम्म फुगलेले. गार झाल्यावर तिने फुगवटे कापून बाजूला ठेवले, थरावर थर चढवला, क्रीम लावलं, कडा उलथन्याने गुळगुळीत केल्या. दुपारी किरणकुमार येऊन केक खाली घेऊन गेला. फारच छान झालाय अक्का, असं दोनदा म्हणाला.

ओट्यावर दोन फुगवटे उरले आणि वाडग्याच्या कडेला थोडं क्रीम.

ताराने काही ठरवलं नव्हतं. तिने एक वाटी घेतली, दोन्ही फुगवट्यांवर दाबून दोन गोल पाडले. एकावर दुसरा ठेवला. मध्ये क्रीम, वर क्रीम. वाडगं बोटाने निपटून काढलं तेव्हा कुठे ते सगळीकडे पुरलं. तळहातावर मावेल एवढा केक झाला, थोडा तिरका, पण थरांचा. समोर ठेवायला आभाचा फोटोसुद्धा नव्हता. तिने तो बशीत घालून जेवणाच्या टेबलावर ठेवला.

संध्याकाळी खाली पाहुण्यांचा गलका सुरू झाला. आरतीचं गाणं जिन्यातून वर आलं. तेव्हा ताराने देवघरातलं निरांजन आणलं, लावलं आणि बशीशेजारी ठेवलं. खाली एकीला ओवाळत होते, वर दुसरीलाही एक ज्योत मिळाली. तिला बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच इतकं बरं वाटलं.

दार ढकलून रम्या आत आली ती धापा टाकतच. जरीची साडी, कडेवर प्रार्थना, पोरीच्या कपाळावर ओलं कुंकू.

"बा, ताराक्का, चल," ती म्हणाली. "अत्तेंना सांगून आले मी. तू आल्याशिवाय केक कापायचा नाही म्हणून. काय बोलायचं ते बोलू देत."

ताराचे डोळे भरून आले. ती पदर सारखा करायला लागली. अत्ते म्हणजे सासू; तिच्या माहेरच्या माणसांसमोर ही पोरगी ताराकरता भांडून आली होती. तेवढ्यात प्रार्थनाला तारा दिसली आणि 'ता' करून पोर कडेवरून वाकली. वाकताना हात गेला टेबलावर, बोटं क्रीममध्ये, आणि बोटं तोंडात.

रम्याने तेव्हा टेबलाकडे पाहिलं. छोटा जांभळा केक, बाजूला तेवणारं निरांजन.

"हे काय आहे?"

"आभाचा," तारा म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या मनातही आलं नाही. "तिचाही वाढदिवस झाला ना या आठवड्यात. आपल्याच केकचा आहे."

"एडे ठेवलीस?" रम्याचा आवाज एकदम बारीक झाला. एडे म्हणजे मेलेल्या माणसासाठी वाढून ठेवलेलं पान. ताराच्या मनात तसलं काही नव्हतं. पण दिवा होता, वाढलेलं होतं आणि जिच्यासाठी वाढलं ती मेलेली होती. मग वेगळं ते काय होतं?

रम्याने पोरीचा हात खसकन ओढला. मग आपलं बोट तिच्या तोंडात घालून आतलं क्रीम उकरून काढलं, जरीच्या पदराने ओठ पुसले, जीभ पुसली, पुन्हा पुसली. पोर किंचाळून रडायला लागली. रम्या काही अडाणी नव्हे. सासूच्या नजर काढण्याला ती ताराजवळ बसून हसायची. पण आता तिच्या डोळ्यांत निव्वळ भीती होती.

"आधी तिचा वाटा काढलास," ती म्हणाली, "आणि मग उरलेला माझ्या मुलीला दिलास, ताराक्का?"

"नाही गं. उरलेलं आभाला दिलं."

पण ते ऐकायला रम्या थांबलीच नव्हती.

बऱ्याच वेळाने काकू वर आल्या. हातात केकचा ट्रे होता. केक अख्खा होता, त्याला सुरी लागलेली नव्हती. किरणकुमार कोपऱ्यावरच्या बेकरीतून दुसरा घेऊन आला होता, तो कापला. एवढं सांगून काकू खुर्चीत बसल्या. निरांजन विझलं होतं. छोट्या केकवर पोरीच्या बोटांच्या चार रेघा होत्या.

काकूंनी त्याचा एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला. तारा बघत राहिली.

"किरणच्या आधी माझे दोन गेले," त्या म्हणाल्या. "बारशाच्या आधीच गेले, मग नाव कोण ठेवतो? मनात हाक मारायची म्हटलं तर काय म्हणून मारू? तू नाव तरी ठेवलंस." त्यांनी बोट चाटलं. "गोड झालाय."

ताराने त्यांचा हात धरला. काकूंनी तो थोडा वेळ धरू दिला आणि मग सोडवून घेतला.

"उद्यापासून मगूला वर पाठवायचं नाही, म्हणते रम्या. तिची पोर आहे, मला ऐकायला पाहिजे. पण ती काय ऐकते? ती येणार जिना चढून. मला तिच्यामागं पळवत नाही. तू दार लावून घे, तारा. उघडू नको. दोन-चार दिवस रडेल, मग विसरेल."

ताराने मान हलवली. तो होकार होता.

मिलिंद आला तेव्हा टेबलावर अख्खा केक होता. त्याला आश्चर्य वाटलं, पण त्याने कारण विचारलं नाही. सवयीने ओट्याकडे गेला आणि फुगवटे कुठे आहेत, असं विचारलं.

"आभाला दिले," तारा म्हणाली.

तो पाठमोराच उभा राहिला. मग नळ सोडून हात धुवायला लागला. हात स्वच्छ झाले तरी नळ चालूच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर तळहातांचे आवाज आले. थप, थप, मध्ये थांबून दम खाल्ला, पुन्हा थप. खालून काकूंची हाक ऐकू आली, मग कठड्याला धरून त्यांचं पाऊल. तारा दारामागे उभी होती. दारावर थाप पडली.

"ता."

कडी तिच्या हाताशी होती. उघडलं तर पोर आत येणार आणि आत आलेली पोर पुन्हा खाली द्यायचं बळ ताराच्या अंगात नव्हतं. पण दार उघडत नाही म्हणून पोर वळली तर? मागे सगळा जिना होता आणि काकू अजून निम्म्यावरही नव्हत्या. तारा खाली बसली आणि दाराच्या फटीला तोंड लावून बोलायला लागली. आवाज आला की पोर जागची हलत नाही, हे तिला माहीत होतं.

केक कसा करायचा ते तिने सांगितलं. आधी दही घ्यायचं, सोनू, मग साखर, छान घोटायचं. मैदा चाळून घालायचा. द्राक्षं शिजवायची, बिया काढायच्या. पलीकडे पोर दाराला टेकून बसली होती, तिचा श्वास ऐकू येत होता. तारा हळूहळू सांगत गेली, घाई न करता, काकूंची पावलं मोजल्यासारखी. थर गार होऊ द्यायचे. मग वरचा फुगवटा कापायचा, असं ती म्हणाली, आणि तेवढ्यात काकू वर पोचल्या. त्यांनी पोरीला उचललं. पोर दाराकडे हात करून रडत खाली गेली.

तारा बोलायची थांबली नाही. फुगवटे टाकायचे नाहीत, ती दाराला सांगत होती, बाजूला ठेवायचे.