खाटेला बांधलेला पाय

“मले खाली घे ना, पोरी,” गंगाधरराव पुन्हा म्हणाले. “खाटेवर नाही मरायचं मले.”

दवाखान्यातल्या सिस्टर प्रेमलाला कळलं. तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी तिच्या आजोबांनाही धुगधुगी होती तोवरच भुईवर घेतलं होतं. खाटेवर जीव गेला की अडकतो म्हणतात. तिचा फारसा विश्वास नव्हता. पण मरणाऱ्याशी कोण वाद घालतं?

गंगाधरराव काही संत नव्हते. घराच्या वाटणीवरून सख्ख्या भावाच्या डोक्यात फावडं घातलेलं, म्हणून जन्मठेप. आता हृदय थकलेलं, पाय सुजलेले, आणि एका पायातली बेडी लोखंडी खाटेला अडकवलेली. ती कातडीत रुतली होती. खालून पाणी झिरपत होतं, त्याला वास येत होता. लघवीला उठता न येणारा माणूस म्हणे पळून जाईल!

“भार्गव भैया, बेड़ी खोलो. इनको नीचे लेना है.”

पहाऱ्यावरचा शिपाई भार्गव शेंगा सोलत होता. टरफलं थेट खाटेखाली.

“चाबी हवलदार साहब के पास है, दीदी. वो कोर्ट गए हैं.”

“तो फोन लगाओ.”

“हव, लगाता हूँ,” म्हणाला आणि पुढची शेंग फोडली.

पुवाची, उलटीची किळस नोकरीच्या पहिल्याच वर्षी प्रेमलाला सोडून गेली होती. या शिपायाची मात्र आली.

तिनं फरशीवर चादर घातली आणि वॉर्डातल्या आयाबाईच्या मदतीनं म्हाताऱ्याला उतरवलं. डोकं टेकलं, पाठ टेकली. साखळी आखूड; बेडीतला पाय तेवढा वर खाटेलाच राहिला.

“लागली का भुई?” त्यांनी विचारलं.

“लागली, काका.”

“थंड आहे वो,” ते समाधानानं म्हणाले. तिनं चमच्यानं पाणी पाजलं. अर्धं ओघळलं. थोड्या वेळानं ते गेले.

डॉक्टर नाडी पाहून गेले. कैदी मेला म्हणजे आता चौकशीला मॅजिस्ट्रेट येणार, असं सांगून गेले. तसा भार्गव टरफलं झाडत उठला आणि त्यानं किल्ली काढली. स्वतःच्याच खिशातून.

“हटो दीदी. मजिस्ट्रेट साहब ने बेड़ी देख ली तो लफड़ा हो जाएगा.”

“मेल्या, जिता होता तवा काय झालं होतं तुले?” प्रेमला ओरडली. सगळा वॉर्ड वळून पाहू लागला. “अब रहने दो. देखने दो साहब को.”

तो किल्ली घेऊन वाकला. प्रेमलानं स्टूल मध्ये ओढलं आणि बेडीच्या कुलपावर एक हात घट्ट ठेवला. दुसऱ्या हातानं तो सुजलेला पाय खालून उचलून धरला आणि ती मॅजिस्ट्रेटची वाट पाहत बसली.