मुद्देमाल झालेला टोल

मित्रांनो, मी एक जुना टोल आहे. तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात लोखंडाचा जाड तुकडा टांगलेला असतो आणि शिपाई त्यावर हातोडी मारून शाळा सुटल्याचे सांगतो, मी त्याच जातीचा. लोखंड कशालाच घाबरत नाही, असे तुम्ही ऐकले असेल. ज्याने हे सांगितले त्याने लोखंडाला विचारलेले दिसत नाही. मी घाबरतो. सध्या मी एका पोलीस चौकीच्या मागच्या खोलीत, मोडक्या सायकली आणि जप्त केलेली पिंपे यांच्यामध्ये पडून आहे. माझ्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी आणि तिच्यावर लाखेचा शिक्का आहे. इथे मला कोणी टोल म्हणत नाही. मुद्देमाल म्हणतात.

माझा जन्म भट्टीतला. लाल रस होतो, थंड झालो आणि रूळ झालो. पुढे कितीतरी वर्षे खडीवर आडवा पडून होतो. माझ्यावरून चाके जात आणि मी मुकाट सहन करी. आपल्याला आवाज आहे, हेसुद्धा तेव्हा मला माहीत नव्हते. मग रूळ बदलले, मला कापले, लिलावात विकले आणि मी घाटकोपरच्या एका भंगाराच्या दुकानासमोर येऊन पडलो. कुत्री माझ्या सावलीत झोपत. माझे आयुष्य संपले, असे मला वाटले होते.

तिथून मला दशरथने उचलले. हा दशरथ मूळचा मालवणकडचा. कापडगिरणीत साचा चालवत असे. मोठ्या संपात गिरणी गेली, तेव्हा हातात ब्रश धरून दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. कांजूरमार्गच्या वस्तीत तो बायको प्रेमासोबत पत्र्याच्या खोलीत राही. मित्र धोंडूला घेऊन त्याने मला हातगाडीवर घातले आणि वस्तीतल्या बालवाडीसमोरच्या भेंडीच्या मोठ्या, सावलीच्या झाडाला टांगले. मग माझ्यावर पहिली हातोडी बसली. मी केवढ्याने वाजलो! माझे मलाच नवल वाटले. पोरे टाळ्या पिटू लागली आणि प्रेमाने कानांवर हात ठेवून म्हटले, "वाट लागली आता. दुपारची झोप गेली."

ती बालवाडी जयंतीबाईंची. बाई मुलुंडला राहत, विम्याच्या कचेरीत नोकरी करत आणि सकाळ-संध्याकाळ वस्तीत येत. आधी पोरांना शिकवायला म्हणून आल्या. मग वस्तीवर पाडकामाची गाडी आली, तेव्हा त्यांनी लोकांची समिती काढली आणि कोर्टातून स्थगिती आणली. मला तेव्हापासून दोन कामे झाली. संथ ठोके पडले की बालवाडी भरे. सारखे ठोके पडू लागले की समजायचे, गाडी वस्तीकडे वळली. मग जो तो हातातले टाकून धावे. म्हाताऱ्यांना बाहेर आणले जाई, भांडी काढली जात आणि बाई स्थगितीचा कागद घेऊन गाडीसमोर उभ्या राहत. कितीदा तरी गाडी तशीच परत गेली. मला त्याचा गर्व होता, तो मी लपवत नाही.

एका दसऱ्याला सगळ्यांनी आपापल्या हत्यारांची पूजा केली. गवंडी धोंडूने थापी पुजली, दशरथने ब्रश पुजले, मग मला झेंडूची माळ घातली. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पंखा असो, बाक असो, पाण्याची टाकी असो, ज्याच्यामुळे ती वस्तू आली त्याचे नाव तिच्यावर घातल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. दशरथला हुक्की आली. त्याने पिवळ्या रंगात, वळणदार अक्षरांत माझ्या अंगावर लिहिले, 'जयंतीबाई यांच्या कृपेने'.

बाई हसल्या. "अरे, मी काय देवी आहे का? पुसून टाक ते."

"राहू दे गं बाई," दशरथच्या शेजारची शांताबाई म्हणाली. "तुझं नाव वाचून पोरं अक्षरं तरी शिकतील."

आणि ते राहिले. मीही ते मिरवत होतो.

नंतरच्या पावसाळ्यात वस्तीतल्या एका माणसाला चौकीत बेदम मारले. बाईंनी वकील नेला, डॉक्टरचा दाखला घेतला आणि वरपर्यंत तक्रार केली. तेव्हापासून एकामागून एक पत्रे येऊ लागली. समितीला देणग्या कोण देते, ते सांगा. बालवाडीला परवानगी कुणाची, ते सांगा. बाईंच्या कचेरीत कोणीतरी जाऊन त्यांची चौकशी करून आले. शेवटी बाईंना नोटीस आली, की तुम्ही लोकांना भडकवता, तुम्हाला मुंबई आणि ठाणे जिल्ह्यांतून तडीपार का करू नये? तडीपार म्हणजे घर, नोकरी, वस्ती सगळे सोडून जिल्ह्याबाहेर जायचे आणि मुदत संपेपर्यंत परत पाऊल टाकायचे नाही. दरोडेखोरांसाठी ठेवलेला हा कायदा पोरांना बाराखडी शिकवणाऱ्या बाईवर उगारला होता. बाईंच्या वकिलांनी सांगितले, "तुमच्यावर एकही गुन्हा शाबित नाही, तोवर त्यांना हे जड जाईल. एक जरी शाबित झाला, तर मात्र सांगता येत नाही."

हे जसे आपल्या वकिलाला कळत होते, तसे ते चौकीतल्या साहेबांनाही कळत होते.

एके दिवशी ते सकाळीच आले. साहेब, त्यांच्यामागे हवालदार राजाराम आणि दोन पंच. साहेबांनी मला बोटाने टिचकी मारली. "हा रूळ आहे. रेल्वेचा माल. कुणाचा आहे?"

दशरथ ब्रश धुवत होता, तो तसाच थिजला. साहेबांनी मला हळूच फिरवले आणि ती पिवळी अक्षरे त्यांच्यासमोर आली. त्यांनी ती मोठ्याने वाचली. मग राजारामला म्हणाले, "घे लिहून. चोरीचा माल, जयंतीबाईच्या ताब्यात मिळाला."

माझ्या अंगावर शहारा आला असता, तर तेव्हाच आला असता. मायेने घातलेल्या नावानेच बाईंना अडकवले होते. दशरथने ब्रश खाली ठेवला. तो पुढे आला आणि परत मागे सरला. राजारामने मला झाडावरून उतरवून खांद्यावर घेतले आणि वाटभर कुरकुर केली, की साहेबांना पकडायला दुसरा हलका माल मिळत नाही का?

मग सुरू झाल्या तारखा. तारखेच्या दिवशी मला कोर्टात नेत, कोपऱ्यात उभे करत, आणि बहुतेक वेळा काही न होताच परत आणत. कधी सरकारी वकील नसत, कधी पंच नसत, कधी कागद दुसरीकडे गेलेले असत. बाई रजा काढून येत आणि पुढची तारीख घेऊन जात. पहिल्या तारखेला सगळी वस्ती आली होती. प्रेमाने भाकऱ्या आणल्या होत्या, शांताबाई पट्टेवाल्याशी भांडली. मला जरा धीर आला. एवढी माणसे असताना बाईंना कोण काय करणार, असे मला वाटले.

तिसऱ्या की चौथ्या तारखेला आम्ही जवळजवळ सगळे कोर्टात असताना वस्तीवर गाडी आली. भेंडीच्या झाडावर वाजायला मी नव्हतो, स्थगितीचा कागद दाखवायला बाई नव्हत्या, ओरडायला माणसे नव्हती. धोंडू धावत कोर्टात येऊन सांगू लागला, पण त्याला नीट बोलता येईना. "बालवाडी पाडली. अख्खी ओळ पाडली," एवढेच तो म्हणाला. बाई मटकन बाकावर बसल्या. तारखा कशासाठी होत्या, ते मला त्या दिवशी कळले. खटला जिंकायची त्यांना घाई नव्हती. बाईंना वस्तीपासून लांब ठेवता आले की त्यांचे निम्मे काम होत होते.

त्यानंतर लोक तारखेला येईनासे झाले. त्यांचे चुकले असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? कोणीतरी घरे राखायला हवीच होती. शिवाय भीती होती. चौकीतले शिपाई वस्तीत जाऊन विचारत, की कोर्टात कोण कोण जाते, नावे सांगा. एकदा साहेबांनी दशरथला चौकीत बोलावले. मी भिंतीच्या अलीकडे होतो, सगळे ऐकत होतो. साहेब आवाज चढवत नव्हते, याचीच मला जास्त भीती वाटली.

"पाटी झकास रंगवतोस रे," ते म्हणाले. "त्या रुळावर सध्या एकच नाव आहे. जागा अजून बरीच आहे. समजलं ना?"

दशरथने "होय साहेब" म्हटले. पुढे कितीतरी तारखा बाई एकट्या आल्या. त्यांचे डोळे खोल गेले होते. कचेरीतून त्यांना बिनपगारी रजेची ताकीद मिळाली होती. त्या बाकाच्या एका टोकाला बसत, बाकीचे बाक रिकामे असे. एकदा कोणी पाहत नाही असे पाहून त्या माझ्याजवळ आल्या आणि आपल्याच नावावरून बोट फिरवले. तडीपार झाल्या तर त्यांनी जायचे कुठे आणि वस्तीकडे पाहायचे कुणी, याचा विचार मी करत राहिलो.

शेवटी पुराव्याची तारीख आली. बाईंचे वकील म्हणाले होते, "टोल कुठून आला हे सांगणारा एक माणूस हवा. नाहीतर कठीण आहे." बाईंनी दशरथला निरोप दिला नव्हता. "त्याला संसार आहे. मी नाही सांगणार," असे त्या वकिलांना म्हणाल्या, ते मी माझ्या कानांनी ऐकले.

नाव पुकारायच्या आधी दारात कोणीतरी उभे राहिले. दशरथ होता. धुतलेला सदरा घालून आला होता. तो बाईंच्या शेजारी जाऊन बसला.

"तू कशाला आलास रे?" बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"माका भ्या वाटता, बाई," तो म्हणाला. "घरी बसान जास्त वाटता. म्हणान इलंय."

पिंजऱ्यात उभा राहून त्याने सगळे सांगितले. घाटकोपरचे दुकान सांगितले, हातगाडी सांगितली. दुकानदार अजून तिथेच आहे, त्याला बोलवा म्हणाला. सरकारी वकिलांनी त्याला अडवले. "नाव तू लिहिलंस. म्हणजे माल बाईंचा, हे तुला मान्य आहे?"

दशरथ म्हणाला, "साहेब, आमच्या गावच्या देवळात समईवर माझ्या आज्याचं नाव आहे. म्हणून समई आज्याची होते काय? ती देवाची. हा टोल वस्तीचा. मी आणला, मी टांगला, नाव पण मीच घातलं. बाई तर पूस म्हणत होत्या."

पुढच्या तारखेला दुकानदार आला आणि लिलावात घेतलेला माल आपणच विकला, असे सांगून गेला. बाई सुटल्या. तडीपारीची नोटीस कागदांत कुठेतरी पडून राहिली. मला वाटले, आता मी झाडावर जाईन. पण अपिलाची मुदत संपेपर्यंत मुद्देमाल ठेवावा, असे ठरले आणि राजारामने मला पुन्हा या खोलीत आणून टाकले.

आणि ज्याची मला धास्ती होती तेच झाले. दशरथवर चॅप्टर केस लागली. म्हणजे गुन्हा काही केलेला नाही, पण पुढे करशील असा संशय आहे, तेव्हा चांगल्या वर्तणुकीचा जामीन लिहून दे आणि ते ठरेपर्यंत बोलावू तेव्हा हजर राहा. त्याच्या तारखा इथेच, या चौकीच्या वरच्या मजल्यावर साहेबांपुढे होतात. पाट्यांची कामे बुडतात. आता चौकीत पेंटरलाही भडकवणारा म्हणतात.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, माझा गंज काढा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मी लोखंड आहे, पडून राहीन. पण तुमच्यासाठी जो टोल वाजवतो, त्याला सांभाळा. त्याला बोलावणे आले, तर तारखेला त्याच्यासोबत जा. तिथे भाषण करायचे नसते, भांडायचेही नसते. नुसते शेजारी बसायचे असते. मी वर्षभर रिकामे बाक पाहिले आहेत आणि त्यांच्याइतकी भीती मला साहेबांची वाटली नाही.

आज दशरथची तारीख आहे. खोलीला खिडकी नाही, त्यामुळे मला काही दिसत नाही. मघाशी बाहेर राजारामने त्याचे नाव पुकारले आणि "हजर" असा बारीक आवाज आला. मग एकच जण बाकावर बसल्याचे ऐकू आले. तो एकटाच आला असावा, असे मला वाटले.

तेवढ्यात जयंतीबाईंचा आवाज ऐकू आला. "सरक रे जरा दशरथ, मला बसू दे." मग शांताबाईचा, "मला पण." मग धोंडूचा, मग मला न ओळखता येणारे कितीतरी.

"अहो, एकाला बोलावलंय," राजाराम वैतागून म्हणाला. "तुमचं सगळ्यांचं इथं काय काम?"

"काम काही नाही," प्रेमा म्हणाली. "बसलोय."

वरून साहेबांनी घंटा वाजवली. जिन्यावर पावले चढू लागली. मी मोजायचा प्रयत्न केला, पण ती फार होती.