शिवू नका

वावरात वीज पडली आणि भागिरथा जिवंत उठली, इथवर ठीक होतं. पण त्यानंतर तिनं तारेची दोन टोकं हातात धरली की बल्ब पेटायचा. खोटं कशाला सांगू!

त्या सालात डिझेल मिळेना. मदनसिंगची पिठाची चक्की बंद पडली, आणि बायांनी जात्यावर हात सोलून घेतले. शेवटी मदनसिंगनं मंगरूळपीरहून जुनी मोटर आणली. लाकडी पाटावर उभं राहून तारा जोडल्या, भागिरथेच्या हाती दिल्या, आणि चक्की भरभर फिरली. ना धूर, ना डिझेलचा वास.

"बाई, हे तं साऱ्या दुनियेचं भलं हाये!" तो म्हणाला.

भागिरथा सुखावली. लोक मात्र नारळ घेऊन आले. बाईच्या अंगात देवी आली म्हणे!

"देवी नाही बाप्पा, लाइन हाये," ती खेकसली. "आमी बौद्ध. आमच्या अंगात देवी कायले येईन?"

ऐकतो कोण! एकजण पाया पडला आणि झटक्यानं थेट पोत्यांवर जाऊन आदळला. दुसऱ्या दिवशी मदनसिंगनं तिच्या डोक्यावर पाटी टांगली. डांबरानं लिहिलं होतं, 'शिवू नका'.

भागिरथेनं ती अक्षर अक्षर जुळवून वाचली आणि तारा सोडून दिल्या. चक्की थांबली. रांगेतल्या बायांच्या टोपल्यांत ज्वारी तशीच राहिली.

"काहून सोडलं वो बाई?"

"पाटी काढ."

"लोकाईच्या भल्यासाठी लावली नं!"

"तवाबी असंच म्हनत होते."

रांगेतली म्हातारी रुख्मिणी मान खाली घालून उभी होती. भागिरथेच्या लहानपणी विहिरीवर तिच्या ओंजळीत हीच रुख्मिणी उंचावरून पाणी ओतायची, 'दूर सर, शिवशील' म्हणत. आणि आता तर घरात ग्यानबाही, सख्खा नवरा, ताट लांबूनच सरकवायचा. वीज पडल्यापासून भागिरथेला माणसाचा हात लागला नव्हता. तिचा जीव त्यासाठी नुसता तुटत होता.

"अन् पाटी काढल्यावर कोनाले झटका बसला तं?" मदनसिंगनं विचारलं.

भागिरथेनं त्याच्या पायाखालच्या पाटाकडे पाहिलं. मग स्वतः उठून पाटी काढली आणि अक्षरं वर ठेवून जमिनीवर मांडली.

"हेबी लाकूडच हाये. याच्यावर उभं राहा अन् हात द्या. ज्याले मले शिवाचं हाये, त्याचंच दळन."

कुणी हलेना. मग रुख्मिणी पुढं आली. त्या अक्षरांवर चढली आणि तिनं भागिरथेचा हात धरला. झटका बसला नाही. म्हातारीनं दुसराही हात त्याच हातावर ठेवला. भागिरथेला रडू आवरेना.

"दळन राह्यलं न वो बाई," मागून कुणीतरी ओरडलं.

"थांब वं जराशी," भागिरथा म्हणाली. "हात तं धरू दे."