भगवंताच्या नावावर खपलेलं बी

दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं असेल. चंद्रभाननं अकोल्यात भाजीपाल्याच्या बियाण्याचं दुकान काढलं आणि हँडबिलं लिहायचं काम बार्शीटाकळीच्या भगवंताकडे दिलं. दोघं एका पाटीवर शिकलेले. भगवंताचा स्वतःचा मळा होता. मूठभर बी ओल्या गोणपाटात आठ दिवस ठेवून, कोंब मोजून, मगच तो लिहायचा. म्हणून हँडबिलाखाली त्याचं नाव असायचं आणि लोक ते नाव वाचून बी घ्यायचे.

दुकानाच्या चौथ्या साली मृगाच्या तोंडावर चंद्रभाननं कामाचा ढीग लावला. मिरचीचं वेगळं, वांग्याचं वेगळं, बाळापूरच्या बाजारासाठी आणखी निराळं. सकाळी निरोप, दुपारी छापखान्याचा माणूस दारात. मळ्याचं ओलित, म्हणजे पाणी देणं, बायकोवर, शकुनवर पडलं. भगवंताची मान आखडली, समोरच्या ताटात काय वाढलंय तेही त्याला कळेना. तरी आतून तो सुखावला होता. मित्राचं आपल्यावाचून अडतंय!

"मिरचीचं बी पाहाचं रायलं," तो एकदा म्हणाला. "आठ दिवस दे मले."

"छापखाना उद्याच मोकळा हाये. तुले माह्यावर भरोसा नाई काय?"

भगवंत ओशाळला. बसल्या बैठकीला त्यानं मिरचीचं हँडबिल लिहून दिलं.

तीन आठवड्यांनी शेजारच्या खेड्यातली पार्बताबाई मळ्यात आली. हातात तेच हँडबिल.

"दोन वाफे टाकले, भाऊ. एक कोंब वर नाई आला. मी दुकान पाहून नाई घेतलं, तुयं नाव आयकून घेतलं."

भगवंत तसाच मोटारीनं अकोल्याला गेला. चंद्रभान गिऱ्हाईक करत होता. ते गेल्यावर भगवंतानं विचारलं, "बी जुनं होतं?"

"तीन वर्साचं. पडून होतं."

"तुले मालूम होतं?"

चंद्रभान पुड्या रचत राहिला. "मालूम होतं म्हून त घाई केली. सवड देली असती तं तू गोणपाट काढलं असतं."

भगवंताला पायरीवर बसावंसं वाटलं, पण त्या दुकानाच्या पायरीवर नको वाटलं. पंधरा दिवस मान मोडून लिहिलं, ते काम नव्हतंच. त्याचे हात गुंतवून ठेवले होते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो बार्शीटाकळीत चिंचेखाली उभा राहिला आणि त्यानं ओरडून सांगितलं, ते मिरचीचं बी मेलेलं आहे, कोणी टाकू नका.

"मंग लिवलं काहून?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"न पाहता लिवलं," तो म्हणाला. काही जण हसले, एक जण थुंकला.

संध्याकाळी त्यानं घरच्या मिरचीची रोपं उपटून पार्बताबाईच्या दारात नेली. तिनं जुडी सोडली, एकेक रोप उजेडाकडे धरून मुळं तपासली. भगवंत अंगणात उभा होता. ती त्याला बस म्हणाली नाही.